हातावरची फुंकर

उटनूर,
१८ जून १९९६

चंपत,
जय भीम. आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण.

बुद्धपौर्णिमेला येतो म्हणालास आणि आला नाहीस. माय दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसली. तुझ्या वाट्याची खीर शेवटी शेजारच्या पोरींनी खाल्ली. मी म्हटलं, खाणीत पाळी बदलली असेल. काल बसमध्ये तुझ्या खाणीतले सुधाकरराव भेटले तेव्हा कळलं की तू इंजिनघराच्या पायऱ्यांवरून घसरलास, कमरेला मार लागला आणि त्याला दीड महिना झाला. दीड महिना! सख्ख्या बहिणीला ही खबर बसमध्ये उभ्या-उभ्या मिळावी? काऊन रे, दोन ओळी लिहायला हात मोडला होता का कंबर?

मायला अजून सांगितलं नाही. तिला सांगितलं तर ती चालत मंचेरियलला निघेल.

डॉक्टर काय म्हणतो ते लिही. रुख्मिणीला सांग, विटेचा शेक दे. आणि एक लक्षात ठेव. दुखणं आलं की माणसाला 'घोटभर घे, बरं वाटेल' म्हणणारे दहा भेटतात. आपल्या बाबानं दीक्षा घेतली त्या दिवशी मोहाच्या दारूचं मडकं अंगणात फोडलं. मायचा तरी विश्वास कुठं बसला! रोज संध्याकाळी ती दारात हात पुढे करायची, 'फुंक' म्हणायची. बाबा तिच्या तळहातावर फुंकर मारायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. मरेपर्यंत बावीस वर्षं. पुढे तुझ्यावरही तोच नियम आला. रुख्मिणी तो पाळते ना?

आता आशीर्वाद.
तुझी ताई,
पंचफुला

---

मंचेरियल,
२७ जून १९९६

ताई,
जय भीम. तुझं पत्र वाचून रुख्मिणी इतकी हासली का तिले ठसका लागला. म्हणे, मास्तरीनबाईनं छडी पोस्टानं धाडली.

कळवलं नाही ते चुकलंच. पण आता मी ठणठणीत हावो. पंधरा दिस खाटेवर होतो, मंग एका खाजगी डॉक्टरनं सुई देल्ली, आन् नंतर कॅप्सूल लिहून देल्ली. बाप्पा, काय औषध हाय! घेतली का अर्ध्या घंट्यात कंबर आपली नाईच असं वाटते. कुर्चीवर बसून राह्यलो आठ-आठ घंटे.

तुले माझं काम ठावं हाय. खड्ड्यात उतरणारा लोखंडी पिंजरा, त्याले आमी केज म्हणतो, तो दोरावर खाली-वर मी करतो. मी इंजिनघरात बसतो. मले माणसं दिसत नाई, खड्डाबी दिसत नाई. समोर केज कुठवर गेला ते दाखवणारा काटा आन् कानाले घंटी. तीन घंट्या वाजल्या म्हंजे माणसं चढून राह्यली. तवा हात लोण्यासारखा चालवा लागते. कॉलनीतल्या ताराबाईचा नवरा धोंडीबा रोज केजनं खाली जाते, तो म्हणते, "चंपत कुर्चीवर असला का केजमदी पानाले चुना लावता येते." ह्या कुर्चीसाठी मी अकरा वर्सं घासली. कंबर गेली का कुर्ची गेली, मंग वरच्या अंगणात झाडू.

एक काम होतं. डॉक्टरची चिठ्ठी घामानं भिजून फाटली आन् डॉक्टर गाव सोडून गेला. मेडिकलवाला वळखीचा हाय, पण म्हणते कागद पायजे. फाटकी चिठ्ठी सोबत धाडली, एक कोरा कागदबी हाय. तुझं अक्षर मोत्यासारखं. तेवढी उतरवून दे. तारीख टाकू नको. तारीख टाकली का चिठ्ठी शिळी होते.

रुख्मिणी रोज हात पुढं करते. म्हणे, तुमच्या फुंकरीले चहाशिवाय कायचाच वास नाई, जीव कटाळला माझा.
तुझा,
चंपत

---

उटनूर,
५ जुलै १९९६

चंपत,
चिठ्ठी उतरवून पाठवते आहे. डॉक्टरचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचलेली. तिसरीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला पाटी घेऊन बाहेर बसवलं असतं. दोनदा पुसून-तपासून लिहिलं. हाताच्या सवयीनं डाव्या बाजूला पट्टीनं समासाची रेघही आखली गेली, तीसुद्धा लाल. आता दुसरा कागद नाही, तसंच चालव.

तारीख टाकली नाही. मनाला जरा टोचलं. पण औषधच तर आहे, आणि कुर्चीवर बसणाऱ्याची कंबर दुखून कसं चालेल?

धोंडीबाला सांग, केजमध्ये पान खाऊ नको म्हणावं. आणि रुख्मिणीला कंटाळा येत असेल तर तिला म्हणावं, असा कंटाळा सगळ्या बायांच्या नशिबी येवो.
पंचफुला

---

मंचेरियल,
२४ ऑक्टोबर १९९६

ताई,
दसऱ्याले येणं जमलं नाई. पाळी होती. रागावू नको, लय लिहायची ताकद नाई.

तुझी चिठ्ठी पाहून मेडिकलवाला म्हणे, इतकी सुंदर चिठ्ठी पयल्यांदा पाह्यली, समास आखलेली. मी ते प्लास्टिकमदी घालून पासासंगं ठेवली हाय.

पण आता इथं माल कमी येऊन राह्यला. तू उटनूरच्या मेडिकलमदून त्याच कॅप्सूलची वीस पाकिटं घे आन् बसच्या कंडक्टरापाशी दे, मी स्टँडवर उतरवून घेतो. वीस. दहा नको. तुले कोणी इचारणार नाई, तू टीचरम्मा हायेस. लवकर कर. बुधवारच्या आत.
चंपत

---

उटनूर,
२ नोव्हेंबर १९९६

चंपत,
वीस पाकिटं पाठवली. मिळाल्याचं एका ओळीनं कळवायचंस, तेही नाही.

दुकानदारानं खरंच काही विचारलं नाही. उलट उठून स्टूल दिलं, 'रंडी टीचरम्मा', म्हणजे तेलुगूत 'या बाई', म्हणाला. पिशवी घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच हिशोब केला. चिठ्ठीत मीच लिहिलं होतं, रोज दोन. मग वीस पाकिटं बुधवारच्या आत कशाला? तुझ्यासोबत आणखी कुणाची कंबर दुखते का?

आणि तुझं अक्षर काऊन असं झालं? ओळ खाली-खाली उतरत जाते. दुखणं वाढलं असेल तर लपवू नकोस, इकडे ये, आपण मोठ्या दवाखान्यात दाखवू. मायनं पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाली, "पोरगं घाईत हाय का बिमार?" तिला वाचता येत नाही, पण कागद बघून बरंच कळतं.

मला खरं उत्तर दे.
पंचफुला

---

मंचेरियल,
१७ नोव्हेंबर १९९६

पंचफुला बाई यांस रुख्मिणीचा जय भीम.

तुमीच मले प्रौढ वर्गाची पाटी घेऊन देल्ली होती, म्हणून हे लिहू शकते. चुका झाल्या त माफ करा. ह्यांले मालूम नाई मी लिहून राह्यली.

बाई, हे दारू पेत नाई. मी रोज हात धरते, वास येत नाई. म्हणून मी इतके दिस गप बसली. पण ताटावर बसल्या-बसल्या झोपतेत. घास हातात तसाच. अंग खाजवतेत, रगत निघेस्तोवर. गोळीले घंटाभर उशीर झाला का घाम फुटते, नाक वाहाते, पोटात मुरडा, मंग माह्यावर वरडतेत. घेतली का पुन्हा गोड. तुमी धाडलेली वीस पाकिटं बारा दिस पुरली.

गुरुवारी केज थांबायचं तिथं थांबला नाई. दीड हात वर गेला आन् मंग झटका देऊन थांबला. आतमदी चौदा माणसं होती. धोंडीबाचं कपाळ फुटलं, चार टाके पडले. हे घरी येऊन म्हणे, बिरेकचा दोष. पण वरचा घंटीवाला धावत इंजिनघरात गेला होता. त्यानं ताराबाईले सांगितलं, चंपतचे डोळे मिटले होते.

ताराबाई माह्या दारात आली. मले वाटलं भांडते. ती भांडली नाई. नुसती म्हणे, "रुख्मिणी, तू रोज वास घेत होती ना?"

कंप्लेंट केली त नोकरी जाते. नाई केली त माणसं जातेत. मी काय करू?
रुख्मिणी

---

उटनूर,
२१ नोव्हेंबर १९९६

चंपत,
चौदा माणसं. मी हा आकडा सकाळपासून फळ्यावर लिहून पुसते आहे. पोरं विचारतात, "बाई, गणित कोनतं?"

मला कसं कळलं ते विचारू नकोस. ब्रेकचा दोष म्हणालास! लाज वाटली नाही? धोंडीबाच्या कपाळावर टाके पडले, आणि तो तुझ्या भरवशावर पानाला चुना लावणारा माणूस.

मी शुद्ध मूर्ख बाई. आपण सगळेच मूर्ख. बाटली शोधत राहिलो, वास शोधत राहिलो. पाच शीलं घडाघडा म्हणतो आणि पाचवं शील म्हणजे दारू एवढंच धरून बसलो. आणि ज्यानं तुझे डोळे मिटले ते मी पट्टीनं रेघ आखून, स्वतःच्या हातानं लिहून दिलं. वर स्टुलावर बसून विकत घेतलं. तुला शिव्या देते आहे, पण अर्ध्या शिव्या माझ्याच आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता ऐक. तू कुर्ची सोड. आजारपणाची रुखसत टाक, रजेवर जा, साहेबाला स्वतः सांग. सोमवारपर्यंत तुझं तसं पत्र निघालं नाही तर मी मॅनेजरला अर्ज लिहीन. त्यात हेही लिहीन की खोटी चिठ्ठी माझ्या हातची आहे. माझी नोकरी जायची तर जाऊ दे.

तुझ्या केजमध्ये माणसं बसतात रे चंपत.
ताई

---

मंचेरियल,
२६ नोव्हेंबर १९९६

पंचफुलाबाई,
कोणाचं ऐकून लिहितेस ते मले समजलं. घरातच साप पाळला मी.

मी दारू पेतो का? सांग. पेतो का? येऊन हात पुढं कर, फुंकर मारून दाखवतो. कॉलनीत सांजच्याले गटारात लोळणारे दहा दाखवतो, त्याइले कोणी इचारत नाई. मी डॉक्टरचं औषध घेतो त मी चोर? शीलात गोळीचं नाव कुठं हाय?

तुले काय वाटते, मी मजा मारून राह्यलो? एक दिस सोडून पाह्यली. एकच दिस. हाडं कोणी कुटून राह्यलं असं वाटे. हात इतका हालत होता का इंजिनाचा दांडा धरता येत नोता. गोळी घेतली तवा हात थांबला. मंग कोनता चंपत कुर्चीवर बसवू, गोळीवाला का बिनगोळीचा? तूच सांग, तू शिकलेली हायेस.

अर्ज कर. खुशाल कर. साहेब पयलं इचारंल चिठ्ठी कोणी लिहिली. दोघंबी जाऊ.

ह्या हप्त्यात माझी दुसरी पाळी हाय, नुसता कोळसा वर काढतो. सोमवारपासून पयली पाळी. सकाळची सारी माणसं मीच खाली नेणार. बारा वर्सं नेली, पुढंबी नेईन. मधात येऊ नको.
चंपत

---

तार
उटनूर पोस्ट ऑफिस, शनिवार ३० नोव्हेंबर १९९६

चंपत, मंचेरियल.
माय अत्यवस्थ. ताबडतोब निघ.
पंचफुला

---

उटनूर,
३ डिसेंबर १९९६

रुख्मिणी,
घाबरू नकोस. माय चांगली आहे. तार खोटी होती.

चंपतचं पत्र मला शनिवारी दुपारी मिळालं. सोमवारी सकाळी तो माणसं खाली नेणार आणि माझा अर्ज रजिस्टरनं मंगळवारी पोचणार! मी स्वतः आले असते तर त्यानं दार लावून घेतलं असतं. तो एकाच माणसासाठी कुर्ची सोडेल हे मला माहीत होतं. खोट्या चिठ्ठीनं ज्याला कुर्चीवर बसवलं, त्याला खोट्या तारेनं उठवलं. अर्ज मी तरीही टाकला आहे. त्यात सगळं लिहिलं आहे, माझ्या चिठ्ठीसकट.

तो रविवारी दुपारी उतरला. लक्सेटीपेट, जन्नारम, सगळा रस्ता रडत आला होता, डोळे सुजलेले. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला बघून तो जागीच थांबला. मग माझ्याकडे वळला आणि जे बोलला ते मी लिहिणार नाही. हातातली पिशवी भिंतीवर आपटली आणि परत स्टँडकडे निघाला. मी आडवी गेले नाही. माझी हिंमत झाली नाही, खरं सांगते. माय उठली, पदरातल्या शेंगा सांडल्या, त्याच्या मागं गेली आणि त्याचं मनगट धरलं. म्हणाली, "मी मेली म्हणून आला ना? मंग मेलेल्या मायजवळ तीन दिस त बसतेतच."

तो बसला.

काल दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी आणलं. त्याच्यापासून काहीही लपवलं नाही. तो म्हणाला, "एकदम तोडू नका, मी सांगतो तसं कमी करायचं, आणि गोळ्या याच्या हातात द्यायच्या नाहीत." गोळ्यांचा डबा माझ्या शाळेच्या कपाटात कुलपात आहे. चंपत थरथरतो, उलट्या करतो, मला वैरीण म्हणतो. मी ऐकून घेते. मीही काही देणं लागते.

ताराबाईला आणि धोंडीबाला सांग, सोमवारी चंपत कुर्चीवर नव्हता.
पंचफुला

---

मंचेरियल,
९ डिसेंबर १९९६

बाई,
त्या सोमवारी दुसऱ्या माणसानं केज चालवला. तीन घंट्या ऐकू आल्या तवा मी भाकरी टाकत होती. भाकर जळली, पण मी केज खाली पोचेस्तोवर उभीच राह्यली.

साहेबानं मले बोलावलं होतं. तुमचा अर्ज टेबलावर होता. म्हणे, चंपतनं स्वतःच्या दस्तखतानं लिहून देल्लं त दुसरं काम देता येईल का पाहू, पण कुर्ची नाई. लपवून ठेवलं त चौकशी लागंल. बाई, ते लिहून देतीन का? ताराबाई म्हणे, "देईल. नाई देल्लं त मी येते उटनूरले."

एक सांगू का? मी त्याइच्या पेटीत पाह्यलं. प्लास्टिकमदली चिठ्ठी इथं नाई. ते संगंच घेऊन गेले. नजर ठेवा.
रुख्मिणी

---

उटनूर,
१९ डिसेंबर १९९६

रुख्मिणी,
मी चंपत. अक्षर पाहून भिऊ नको, हात अजून हालते, पण ओळ सरळ हाय. ताईनं कागदावर रेघा आखून देल्ल्या.

तुले साप म्हटलं होतं. ते पत्र ताईनं तुले दाखवलं नसंल, पण मले ठावं हाय म्हणून सांगतो. तुझ्या पायावर डोकं ठेवलं तरी कमी हाय. तू लिहिलं नसतं त त्या सोमवारी काय झालं असतं, ते मले रोज सकाळी पयल्या पाळीच्या टायमाले दिसते. मी उठून बसतो.

आता परवाचं सांगतो. इथं मायनं जुनी रीत पुन्हा चालू केली. मी संध्याकाळी दवाखान्यातून परत आलो का दारात हात पुढं करते. सोळा दिस मी फुंकर मारली. परवाबी मारली. तिनं तळहात नाकापाशी नेला, मंग तसाच खाली केला आन् म्हणे, "वास त तवाबी नोता रे."

रुख्मिणी, मी दारातच उभा राह्यलो. उंबरा ओलांडता येईना. कारण ते चिठ्ठी माह्यापाशीच होती. चपलेत, तळपायाखाली, प्लास्टिकमदी; ताईनं पिशवी झाडून पाह्यली, चप्पल नाई पाह्यली. सोळा दिस मी त्या चिठ्ठीवर चालत होतो. मेडिकलवरून जाताना रोज पाय जड व्हायचा. दोनदा दुकानाच्या पायरीवर चढलो होतो. एकदा त चप्पल हातात घेतली होती. घेतली नाई गोळी, पण उद्या घेतली नसती असं मी सांगू शकत नाई.

मी चप्पल काढली, चिठ्ठी काढली आन् मायच्या हातावर ठेवली.

तिले वाटलं पोस्टाचा कागद हाय. तिनं उलटा केला, सुलटा केला. मंग तिचं बोट त्या लाल रेघेवर थांबलं. रोज सांजच्याले ताई पोराइच्या वह्या आखत बसते, माय बाजूले बसून पाहते, तुले मालूमच हाय. बोट रेघेवरून वरून खालपर्यंत गेलं. म्हणे, "हे रेघ त पंचफुलाची हाय."

ताई चुलीपाशी होती, पीठाचे हात. ताईनं मायले तार खोटी होती ते सांगितलं होतं, गोळीचं सांगितलं होतं, पण चिठ्ठीचं सांगायची हिंमत तिले झाली नोती. साहेबाले लिहिलं, मायले नाई. ती दारापर्यंत आली आन् म्हणे, "होय माय. मीच लिहून दिली."

मले वाटलं माय आता रडते नाईतर शिव्या देते. पण तिनं चिठ्ठी कमरेच्या चंचीत खोचली, आन् तोच रिकामा हात ताईपुढं केला. म्हणे, "फुंक."

ताईनं माह्याकडं पाह्यलं. बेचाळीस वर्साची बाई, पोरं जिले पाहून चिडीचूप होतेत ते. ती वाकली आन् मायच्या हातावर फुंकर मारली. तिच्या हाताचं पीठ मायच्या हातावर सांडलं. आमच्या घरात बाईमाणसानं हे पयल्यांदा केलं.

मंग मायनं आमाले दोघाइले आत घेतलं.

साहेबाले द्यायची दरखास्त काल लिहिली. कुर्ची सोडतो, कारण अमुक, दस्तखत चंपत रामाजी. ह्याच पाकिटात हाय, तू स्वतः नेऊन दे. जाताना धोंडीबाच्या घरावरून जा. त्याले म्हणाव, कपाळाची जखम भरली का ते कळव. आन् घरी आल्यावर तूबी आपल्या हातावर एकदा फुंकर मारून पाह्य, आता हा नेम आपल्या घरात साऱ्याइलेच हाय.
चंपत